साने गुरुजी आणि शेजाऱ्यांच्या गोष्टी

सातरस्त्याजवळच्या आर्थर रोडला महापालिकेच्या दप्तरात साने गुरुजी मार्ग असे नाव आहे. या रस्त्यावर दोन मोठ्या वास्तू आहेत. एक कस्तुरबा रुग्णालय आणि दुसरी १९२६ साली बांधलेला तुरुंग. लालबाग-परळच्या माणसाला विचाराल तर तो रस्त्यालाही आर्थर रोड म्हणेल आणि तुरुंगालाही आर्थर रोडच म्हणेल. नाव देणाऱ्यांच्या मनात काय होते, ते तेच जाणोत. परंतु ज्या लेखकाची कितीतरी पुस्तके तुरुंगाच्या कोठडीत लिहिली गेली, त्याचे नाव तुरुंगाच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला मिळावे, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्या लेखकाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपणांपैकी बहुतेकांनी 'श्यामची आई' लहानपणी वाचलेले असेल, किंवा आईने वाचून दाखवलेले असेल. पुस्तक वाचताना डोळ्यांना पदर लागला असेल. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याच पुस्तकाची थोडी चेष्टाही केली असेल. 'रडके पुस्तक' हा शेरा मी स्वतः तरुणपणी मोठ्या ऐटीत मारला आहे. या सर्व प्रकारात एक गोष्ट नजरेआड झाली. साने गुरुजींनी मराठी मुलांना आपल्या आईची गोष्ट सांगितली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी मराठी मुलांना तमिळ, बंगाली, इराणी, इंग्रज, फ्रेंच आणि अरब माणसांच्या गोष्टीही सांगितल्या, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही. आणि मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हीच गोष्ट अधिक अगत्याची आहे.

हल्ली बालसाहित्याच्या चर्चेत 'बहुसांस्कृतिक' असा एक शब्द वरचेवर ऐकू येतो. शब्द जड आहे. अर्थ मात्र सोपा आहे. मुलाच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत त्याच्या घरची माणसे असावीत, तशी शेजारच्या घरचीही असावीत. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एका लेखात यासाठी आरसा आणि खिडकी अशी उपमा वापरली. काही पुस्तकांत मूल स्वतःचा चेहरा पाहते, काही पुस्तकांतून दुसऱ्याचे अंगण पाहते. ज्याला फक्त आरसेच मिळाले ते मूल आत्ममग्न होते. ज्याला फक्त खिडक्याच मिळाल्या त्याला आपण कुठेच नाही असे वाटू लागते. त्याच अमेरिकेत १९२८ साली धनगोपाल मुखर्जी नावाच्या एका बंगाली गृहस्थाला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले होते. त्यांची गोष्ट कलकत्त्यातील एका कबुतराची होती. म्हणजे तिकडच्या मुलांना कलकत्त्याच्या गच्चीवरचे कबुतर दिसत होते. त्या सुमारास आपल्याकडील मुलांना मद्रासच्या अंगणातले काय दिसत होते? जवळजवळ काहीच नाही. साने गुरुजींना ही उणीव जाणवली, आणि ती जाणवण्याचे ठिकाण तुरुंग हे होते.

पण तिथवर पोचण्यापूर्वी त्यांचा आधीचा प्रवास थोडक्यात पाहू. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, कोकणात दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु पुढे दारिद्र्य आलेले. शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलात, काही काळ औंध संस्थानात, मग पुण्यात. हा सारा प्रवास अर्धपोटी झाला. १९१७ साली आई गेली. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. कोकणातला हा लाजाळू मास्तर घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांत जाऊन पडला. मुलांचे कपडे धुणे, खोल्या झाडणे, आजाऱ्याजवळ रात्रभर बसणे या त्यांच्या गोष्टी सर्वश्रुत आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक. दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री ते स्वतःच्या हाताने अंक लिहून काढीत आणि सकाळी तो मुलांपुढे असे. थोर माणसांची चरित्रे, जगातील घडामोडी, गोष्टी असे सारे त्यात असे. वाचक चार हातांवर बसलेले. कंटाळवाणे लिहिले की त्याच दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसावयाचे. गुरुजींच्या भाषेतील छोटी वाक्ये, प्रश्न विचारीत पुढे जाण्याची रीत, मध्येच थांबून मुलाला हाक मारण्याची लकब, ही सारी या दैनिकाच्या शाळेत तयार झाली असे माझे मत आहे. पुढे ते हजारो पाने लिहिते झाले तरी त्यांच्यापुढे छात्रालयातील मुलेच बसलेली असत.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. गुरुजींनी नोकरी सोडली, खेडोपाडी भाषणे केली आणि ते पकडले गेले. प्रथम धुळ्याच्या तुरुंगात आणि मग तेथून दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीला, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीला, त्यांची रवानगी झाली. एरवी ज्याने बहुधा आयुष्यात तो प्रदेश पाहिला नसता, त्याला सरकारने आपल्या खर्चाने तेथे नेऊन ठेवले! त्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम बोलणारे सत्याग्रही होते. एकाच झेंड्यासाठी तुरुंगात आलेली ही माणसे. परंतु एकमेकांशी बोलावयाचे तर आधार इंग्रजीचा. गुरुजींचे संस्कृत चांगले, इंग्रजी वाचन दांडगे. आपल्याला शेक्सपिअर ठाऊक आहे, परंतु शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा कवी ठाऊक नाही, याची त्यांना शरम वाटली. ते तेथील भाषा शिकू लागले. आणि याच तुरुंगात त्यांनी तमिळमधील 'कुरल' मराठीत आणावयास घेतले.

'कुरल' म्हणजे तिरुवळ्ळुवर या प्राचीन कवीचा ग्रंथ. दोन-दोन ओळींची १३३० पद्ये, दहा-दहा पद्यांची १३३ प्रकरणे. धर्म, अर्थ आणि काम असे तीन भाग. पाहुण्याचे स्वागत कसे करावे येथपासून राजाने कर कसा घ्यावा येथपर्यंत सारे त्यात आहे. तमिळ घरात त्याचे स्थान आपल्याकडील ज्ञानेश्वरी-तुकारामांच्या स्थानाशी तोलून पाहता येईल. वळ्ळुवर हा मैलापूरचा विणकर होता अशी तिकडची आख्यायिका आहे. कबीरही विणकर. ज्यांच्या घरात कुणी साच्यावर काम केले आहे अशी पुष्कळ मंडळी या सभागृहात असतील. तुमच्या धंद्याची गोत्रावळ किती दूरवर गेली आहे पाहा! मराठीतील 'कुरल' पुस्तकरूपाने १९४८ साली प्रसिद्ध झाले. ते काही मुलांचे पुस्तक नव्हे. परंतु मुलांसाठी लिहिणाऱ्या या लेखकाच्या मनाची दिशा त्रिचनापल्लीत बदलली, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला. 'आंतरभारती' हा शब्द पुष्कळ वर्षांनी आला. त्याचे बी या तुरुंगात पडले.

१९३२ साली पुन्हा धुळ्याचा तुरुंग. तेथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. विनोबांची 'गीताप्रवचने' आज भारतातील कितीतरी भाषांत वाचली जातात, ती या लेखणीमुळे. त्यानंतर नाशिकचा तुरुंग, आणि तेथे १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. दिवसा तुरुंगाचे काम, पहाटे आणि रात्री लेखन. १९३५ साली पुस्तक बाहेर आले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. चाळीत रात्री जेवणे आटोपल्यावर गॅलरीत बसून गोष्टी ऐकलेल्या कोकणी माणसाला ही मांडणी परकी कशी वाटावी? गिरणगावातील कितीतरी खोल्यांत हे पुस्तक खरोखरीचा आरसा होऊन राहिले. गावी राहिलेली आई, कर्ज, सावकाराचा माणूस दारात, पत्रावळी लावणे, नदी, बोट, सारे ओळखीचे.

या पुस्तकातील एका प्रसंगाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. 'देवाला सारी प्रिय' असे त्या रात्रीचे नाव. एका महार म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली आहे, ती कुणी उचलून देत नाही. श्यामची आई त्याला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. लहानपणी आपण या प्रसंगातील दया पाहतो. मोठेपणी आंघोळ दिसते. ज्यांच्या वाडवडिलांनी अशा मोळ्या वाहिल्या त्यांच्या मुलांना तर ती आंघोळ पहिल्याच वाचनात दिसते, आणि त्यांचा 'श्यामची आई'वरील राग समजून घेतला पाहिजे. तो आरसा सर्वांचा नव्हता. गुरुजींनी तो प्रसंग जसा घडला तसा ठेवला, आईला उगाच सुधारक करून दाखवले नाही, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते. आणि मुलगा आईच्या पुढे गेला. १९४७ च्या १ मे रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभले, ते दहा दिवस चालले. त्याआधी काही महिने ते याच कामासाठी महाराष्ट्रभर हिंडले होते. मोळी उचलल्यावर आंघोळ करावी लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी आपले प्राण पणाला लावले होते.

आता खिडक्यांकडे वळू. गुरुजींनी 'गोड गोष्टी' नावाची एक माला लिहिली. तिच्यात 'मनूबाबा', 'दुःखी', 'सोराब नि रुस्तुम', 'करुणादेवी', 'चित्रा नि चारू' अशी छोटी-मोठी पुस्तके आहेत. वाचनालयातील मुलांच्या कपाटात ती अजून सापडतात. पुठ्ठा निघालेला, पाने पिवळी, परंतु आतील शिक्के पाहिले तर पुस्तक किती हातांतून गेले आहे ते कळते.

'मनूबाबा' ही मूळ जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेची १८६१ सालची 'सायलस मार्नर' ही कादंबरी. एक विणकर. मित्राने विश्वासघात करून त्याच्यावर चोरीचा आळ आणला, तो गाव सोडून दुसरीकडे गेला, माणसांवरचा त्याचा विश्वास उडाला. रात्रंदिवस माग चालवावा आणि मिळालेल्या मोहरा मोजाव्या, एवढेच आयुष्य. एके दिवशी मोहरा चोरीस जातात, आणि मग एके रात्री एक अनाथ पोर त्याच्या उंबऱ्यातून आत येते. सोन्याच्या जागी सोनेरी केसांचे मूल. गुरुजींच्या मराठीत ती मुलगी 'सोनी' झाली आणि विणकर मनूबाबा झाला. मूळ कादंबरीत इंग्लंडातील खेड्यांचे, धर्मपंथांचे, जमीनदारांचे फार बारीक चित्रण आहे. ते गुरुजींनी बहुतेक सोडून दिले. म्हातारा आणि पोर एवढेच धरले. जाणकार म्हणतील, कादंबरी गेली, सांगाडा राहिला. असेलही. परंतु परळच्या गिरणीत साचेवाल्याचे काम करणाऱ्या माणसाच्या मुलाने ही गोष्ट वाचली की एका परदेशी विणकराचे दुःख त्याच्या घरात येऊन बसते. मुलाला ते परदेशी आहे हे ठाऊकही नसते.

आणि येथेच एक आक्षेप निघतो. तो टाळून चालणार नाही. खिडकी उघडली खरी, पण तिला आपल्याच घरातील पडदे लावले! सायलसचा मनू झाला, एपीची सोनी झाली, मग मुलाला इंग्लंड दिसले कुठे? हा आक्षेप खरा आहे. परकी नावे, परके जेवण, परके देव यांच्यासकट गोष्ट सांगितली तर मुलाला परकेपणाची सवय होते. भा. रा. भागवतांसारख्या पुढच्या लेखकांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणले आणि मुलांना दूरदेशीच्या सफरीवर नेले, तो निराळा मार्ग. गुरुजींचा हिशोब वेगळा होता असे दिसते. आधी ओळख पटू द्या, नाव-गाव मग विचारता येईल. आपण चाळीत नव्या बिऱ्हाडाशी असेच वागतो. पहिल्या दिवशी वाटीभर साखर मागावयास जातो, कूळ मग विचारतो. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ला मिझराब्ल'वरून केलेल्या 'दुःखी'मध्येही हीच पद्धत आहे.

'सोराब नि रुस्तुम'मध्ये मात्र त्यांनी नावे तशीच ठेवली, आणि मुंबईकराच्या दृष्टीने या पुस्तकाची गंमत काही औरच आहे. मूळ कथा इराणी कवी फिर्दौसीच्या 'शाहनामा'तील, हजार वर्षांपूर्वीची. इंग्रज कवी मॅथ्यू अर्नोल्डने ती १८५३ साली इंग्रजीत आणली आणि आपल्याकडील कॉलेजांत ती अभ्यासाला असे. बाप आणि मुलगा एकमेकांस न ओळखता रणांगणावर भिडतात, आणि मुलगा बापाच्या हातून मरतो. आता दादरला पारशी कॉलनी आहे, ग्रँट रोडला पारशी वस्ती आहे. सोराबजी आणि रुस्तुमजी ही नावे आपण दुकानांच्या पाट्यांवर, दवाखान्यांच्या दारांवर, अग्यारीजवळच्या इमारतींवर लहानपणापासून वाचत आलो. त्या नावांच्या पोटात एवढी मोठी शोककथा आहे, हे किती मराठी मुलांना ठाऊक होते? शेजाऱ्याच्या नावाचा अर्थ इराणातून इंग्लंडात, तेथून अमळनेरच्या मास्तरांकडे, आणि तेथून परत आपल्या गल्लीत आला.

त्यांच्या कादंबऱ्यांत मी फार शिरत नाही. पुष्कळशा आज वाचवत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. माणसे फार चांगली आणि फार लवकर रडणारी. अपवाद 'आस्तिक'चा. महाभारतातील जनमेजयाचे सर्पसत्र आपण जळणाऱ्या सापांची अद्भुत कथा म्हणून ऐकतो. गुरुजींनी ते साप माणसे केली. नाग ही एक जात, आर्य ही दुसरी. राजाला एका जमातीचा समूळ नाश करावयाचा आहे, आणि तो यज्ञ थांबवतो तो आस्तिक, ज्याचा बाप आर्य आणि आई नागकन्या. दोन्ही घरचे रक्त अंगात असलेला मुलगाच वैर मिटवतो. आपल्या देशात हिंदु-मुसलमानांतील तेढ वाढत चालली होती त्या काळातले हे लेखन आहे. गुरुजी पुराण सांगत नव्हते, आजची बातमी सांगत होते. त्याच बुद्धीने त्यांनी पैगंबरांचे चरित्र आणि अरबांचा इतिहास सांगणारे 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले. 'भारतीय संस्कृती'वर लिहिणाऱ्या लेखकानेच ते लिहावे याला अर्थ आहे. पुस्तक त्यांच्या हयातीत मात्र निघाले नाही. मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी प्रसिद्ध झाले.

मुंबईशी त्यांचा संबंध वाढला तो १९४२ नंतर. चलेजाव चळवळीत ते भूमिगत होते, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच पकडले गेले. सुटका १९४५ साली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईहूनच त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. गांधीजींच्या खुनाला तेव्हा सातच महिने झाले होते. या साप्ताहिकात राजकारण असे तसे मुलांसाठीही लेखन असे. पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आपणांपैकी काहींनी वाचली असतील. फुले, पाखरे, पावसाळा, आणि मध्येच दुसऱ्या प्रांतातील एखादी गोष्ट. मला विचाराल तर गुरुजींचे सर्वांत निर्मळ गद्य या पत्रांत आहे. तेथे उपदेश हळूच येतो आणि रडणेही आवरलेले असते.

१९४९ साली पुण्यास आचार्य शं. द. जावडेकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. तेथे गुरुजींनी आंतरभारतीचा ठराव मांडला. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात विश्वभारती काढली होती, जगाला एका घरट्यात आणण्यासाठी. गुरुजी म्हणत, आधी भारतालाच एकमेकांची ओळख करून देऊ. प्रत्येक प्रांताची भाषा शिकवणारी एक संस्था असावी. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील मुलामुलींनी एकत्र राहावे, एकमेकांची गाणी शिकावी, एकमेकांचे वाङ्मय आपापल्या भाषेत आणावे. कल्पना विद्वानांच्या परिषदेची नव्हती, छात्रालयाचीच होती. अमळनेरचे छात्रालयच त्यांना देशाएवढे करावयाचे होते. त्यासाठी ते निधी जमवू लागले. संस्था मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. हे का झाले यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा अधिकार माझा नाही.

त्यानंतरची हकीकत दोन धाग्यांची आहे. एक धागा कीर्तीचा. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई'चा चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि पहिल्याच राष्ट्रीय पारितोषिकांत, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२१ साली शिवाजी पार्कच्या शांता गोखले यांचे 'श्यामची आई'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. म्हणजे आपला आरसा आता दुसऱ्यांची खिडकी झाला. दुसरा धागा आंतरभारतीचा. १९५४ साली साहित्य अकादमी आली, १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट आला. पुढे एकच बालपुस्तक अनेक भारतीय भाषांत, तीच चित्रे ठेवून, स्वस्तात छापले जाऊ लागले. यदुनाथ थत्त्यांसारख्या गुरुजींच्या माणसांनी 'साधना' पुण्याहून चालवीत ठेवले आणि आंतरभारतीचे काम पुढे नेले. तेव्हा पुस्तके झाली नाहीत असे म्हणता येणार नाही. राहिले ते एकत्र राहणे.

याचा दाखला शोधण्यास आपणांस त्रिचनापल्लीला जावे लागणार नाही. आपली महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. जगातील किती शहरांना असे सांगता येईल? पुष्कळदा एकाच इमारतीत दोन-तीन भाषांच्या शाळा भरतात. खालच्या मजल्यावर मराठी, वर उर्दू, त्याच्यावर तेलुगू. गिरण्यांच्या काळी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची नातवंडे वरच्या मजल्यावर, कोकणातून आलेल्यांची खालच्या. जिना एक, पाण्याची टाकी एक, शिपाई एक. गोष्टींची पुस्तके मात्र ज्याच्या त्याच्या कपाटात कुलूपबंद. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी पडून मनोरे उभे राहत आहेत, मराठी शाळांचे पट घटत आहेत. हे चित्र आणखी किती काळ पाहावयास मिळेल, कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी अशाच एका शाळेत गोष्ट सांगावयास मला बोलावले होते. शिक्षकांनी कल्पकतेने मराठी आणि तेलुगू वर्गांतील मुले एकत्र बसवली. तेलुगू वर्गातील मुलांनाही मोडकेतोडके मराठी येत होते, रस्त्यावरचे. मी 'मनूबाबा' सांगितला. माग कसा चालतो हे समजावून द्यावयास मी हात हलवू लागलो तर तेलुगू वर्गातील एक मुलगी उठून म्हणाली, तसे नाही, धोटा असा फेकायचा, आणि तिने हात करून दाखवला. तिच्या आजोबांनी तिला दाखवले होते. मग पुढली गोष्ट मी सांगत होतो आणि धोट्याचे काम ती करीत होती. सोनीचा खरा बाप तिला परत न्यावयास येतो तेथे वेळ संपली. ती कुणाकडे जाते, असे मुलांनी विचारले. मी म्हटले, पुस्तकात आहे. पुस्तक खालच्या मजल्यावरच्या कपाटात होते, एकच प्रत. मधल्या सुट्टीत शिपायाने किल्ली आणली तेव्हा कपाटापुढे सात-आठ मुले उभी होती आणि ती मुलगी सर्वांत पुढे होती. तिला मराठी लिपी नीटशी वाचता येत नव्हती, म्हणून खालच्या वर्गातील एक मुलगा पायरीवर बसून तिला ते शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवू लागला.